परत आलेला टॉवेल कुठे मोजायचा? गोदाम आणि ऑनलाइन विक्री जोडण्याच्या तीन मार्गांची तुलना

मागच्या वैशाखातली दुपार. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या गोदामात लग्नघरची माणसं आली. आहेरात टॉवेल-टोपी द्यायची होती, म्हणून ३० बाय ६० चे पांढरे टॉवेल हवे होते, २० डझन. माल रॅकवर होता, पैसे रोख मिळत होते, आम्ही दिला. संध्याकाळी संगणक उघडला तेव्हा तीन पोर्टलांवर मिळून त्याच टॉवेलच्या ३१ ऑर्डरी लागल्या होत्या आणि रॅकवर उरले होते १४ नग. उरलेल्या १७ ऑर्डरी रद्द करताना हात जड झाला होता.

अशा रद्द ऑर्डरीचं नुकसान त्या दिवसापुरतं नसतं. अ‍ॅमेझॉनचंच उदाहरण घ्या. पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण २.५ टक्क्यांच्या आत आणि उशिरा रवाना झालेल्यांचं ४ टक्क्यांच्या आत राहावं, अशी तिथली अट आहे. लहान विक्रेत्याची एक वाईट दुपार ही मर्यादा सहज ओलांडते.

त्यानंतर दोन-तीन महिने मी याच कामाला लागलो. डेमो पाहिले, ओळखीच्या कारखानदारांची गोदामं पाहिली, एक मार्ग अर्ध्यावर सोडला आणि दुसरा धरला. चादर, टॉवेल, शाळेचे गणवेश किंवा शेंगाचटणी ऑनलाइन विकणारे आणि आता गोदामाचं सॉफ्टवेअर पोर्टलांना जोडू पाहणारे जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मार्ग तीन आहेत. पहिला, सगळं हाताने: प्रत्येक पोर्टलच्या पॅनेलवरून एक्सेल उतरवायची, साठा दुरुस्त करायचा, फाइल परत चढवायची. दुसरा, तयार जोडणी सेवा: युनिकॉमर्स, ईझीइकॉम, विनक्युलम, ब्राउनटेप यांसारख्या कंपन्यांची, जिच्यात एका पडद्यावर सगळी पोर्टलं दिसतात. तिसरा, ईआरपीनेक्स्ट किंवा ओडूसारखी (साठा, खरेदी, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारी) आपली स्वतःची प्रणाली बसवून ती प्रत्येक पोर्टलच्या एपीआयशी, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना आपसात माहिती देता-घेता येते त्या दाराशी, थेट जोडणं.

विक्री करणारा माणूस डेमोत ऑर्डर कशी झटकन आत येते ते दाखवतो. त्यावर निर्णय घेऊ नका, कारण ऑर्डर आत येणं तिन्ही मार्गांनी जमतं. खरा फरक दोन ठिकाणी कळतो: गोदामातून परस्पर विकलेला माल आणि परत आलेला माल. सोलापुरात ठोक आणि किरकोळ विक्री एकाच रॅकवरून होते, त्यामुळे आपल्याला हे दोन्ही रोजचेच आहेत.

हाताने, पण वाटणी करून

हा मार्ग मागासलेला समजू नका. दोनच पोर्टलं आणि तीस-चाळीस प्रकारचा माल असेल, तर शिस्तीने चालवलेली एक्सेल पुरते. शिस्त म्हणजे वाटणी. १०० टॉवेल असतील तर ४० एका पोर्टलला दाखवायचे, २० दुसऱ्याला, आणि ४० गोदामावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला राखायचे. कुणी कुणाच्या वाट्याला हात लावायचा नाही. मग रद्द करायची वेळ येत नाही.

याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. एका पोर्टलवर माल संपलेला दिसतो, तिथली विक्री थांबते, लिस्टिंग (पोर्टलवरचं त्या मालाचं पान) खाली जाते, आणि दुसऱ्याच्या वाट्याचे ३० नग रॅकवर पडून राहतात. भांडवल अडकतं. तिसरं पोर्टल आलं की वाटण्या इतक्या बारीक होतात की काही अर्थ उरत नाही. आमची गाडी इथेच अडली.

तयार जोडणी सेवा

इथे साठ्याचा आकडा एकच असतो. एका पोर्टलवर टॉवेल विकला गेला की बाकीच्या पोर्टलांवरचा आकडा काही मिनिटांत कमी होतो. काही मिनिटांत, त्याच क्षणी नाही. दिवाळीच्या सेलमध्ये त्या मिनिटांत पाच-सहा ऑर्डरी लागतात, म्हणून प्रत्येक मालामागे थोडा राखीव साठा ठेवायची सोय आहे का, हे आधी बघा. आम्ही जोरात चालणाऱ्या मालाला ६ नग राखीव ठेवतो.

सगळ्यात जास्त घाम नावं जुळवताना येतो. आपला एकच निळा टॉवेल, पण एका पोर्टलवर त्याचा कोड वेगळा, दुसऱ्यावर वेगळा, आणि वर ‘दोनचा सेट’ म्हणून तिसरी लिस्टिंग. सेट विकला गेला की सुट्या टॉवेलमधून दोन नग वजा व्हायला हवेत. आपण खरेदी-विक्री डझनात बोलतो, पोर्टल नगात मोजतं. तोही हिशेब सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. आम्हाला या जुळवाजुळवीला दोन आठवडे लागले. घाईत उरकलं असतं तर पुढे वर्षभर चुकीचा रंग पाठवत बसलो असतो. विकणारी कंपनी ‘आम्ही करून देतो’ म्हणेल. त्यांना करू द्या, पण आपला माल ओळखणारं माणूस शेजारी बसवा. आमच्याकडे पॅकिंगच्या अक्का बसल्या. मोरपंखी आणि हिरवा हे दोन रंग फोटोत सारखेच दिसतात, हे त्यांनीच दाखवून दिलं.

या सेवेचा मोठा फायदा लगेच दिसत नाही. पोर्टलं आपली यंत्रणा बदलत राहतात. अ‍ॅमेझॉनने विक्रेत्यांसाठीची जुनी एमडब्ल्यूएस ही एपीआय २०२४ च्या मार्चअखेर बंद केली आणि सगळ्यांना नव्या एसपी-एपीआयवर जावं लागलं. ज्यांनी स्वतः जोडणी लिहून घेतली होती, त्यांना पुन्हा पैसे मोजून लिहून घ्यावी लागली. जोडणी सेवा वापरणाऱ्यांसाठी ते काम त्या कंपनीने केलं.

तोटेही आहेत. दर बहुधा ऑर्डरींच्या संख्येवर असतो, म्हणजे सेलच्या महिन्यात बिल फुगतं. परत आलेली ऑर्डरही त्या संख्येत धरतात का, हे लेखी घ्या. शिवाय सगळा इतिहास त्यांच्याकडे राहतो. सोडून जायचं ठरलं तर साठा, ऑर्डरी आणि रिटर्न यांचा पूर्ण डेटा कोणत्या फाइलमध्ये मिळेल, हे पैसे भरण्याआधी विचारायचं.

स्वतःची प्रणाली, थेट एपीआय

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं, मुक्त स्रोत, आणि मनापासून वापरावं असं आहे. कच्च्या सुतापासून तयार गाठीपर्यंतचा हिशेब ते एकत्र ठेवतं. ज्यांचे स्वतःचे माग आहेत, त्यांना याचं मोल समजेल. ओडूही चांगलं आहे, पण त्याची अ‍ॅमेझॉन जोडणी पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीतच मिळते.

अडचण पोर्टलांच्या अटींची आहे. अ‍ॅमेझॉनची एपीआय ऑर्डरींची यादी साधारण मिनिटाला एकदाच मागू देते; एका दमात फार तर वीसेक मागण्या चालतात. दर दोन सेकंदांनी विचारणारा प्रोग्राम कुणी लिहून दिला, तर तो मिनिटभरातच अडतो. ग्राहकाचं नाव-पत्ता हवा असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि तो तपशील माल पोचल्यावर ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कर कायद्यासाठी लागणारा भाग तेवढा अपवाद. हे नियम सांभाळायची जबाबदारी मग आपली.

आपली वेबसाइट वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर) असेल तर आणखी एक गोष्ट जपा. ऑर्डर लागली की वेबसाइट गोदामाच्या सर्व्हरला निरोप पाठवते, त्याला वेबहुक म्हणतात. लागोपाठ पाचाहून जास्त निरोप पोचले नाहीत, तर वूकॉमर्स तो वेबहुक आपणहून बंद करतं. सर्व्हर गोदामातच ठेवलाय, दुपारी वीज गेली, इन्व्हर्टर संपला. वीज परत आली तरी ऑर्डरी येत नाहीत आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी अर्ध्यावर सोडलेला मार्ग हाच. सर्व्हर बाहेर भाड्याने घेतला तर हा धोका कमी होतो, पण लक्ष ठेवणारं माणूस तरी लागतंच. पगारावर असं माणूस ठेवायची आमची ऐपत नव्हती.

परत आलेला माल: खरी परीक्षा इथे

रिटर्न दोन प्रकारचे. एक आरटीओ: ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही, न फोडता परत आलं. दुसरा, ग्राहकाने उघडून, कधी वापरून परत केलेला. पहिला माल बहुतेक वेळा थेट रॅकवर जातो. दुसरा जाता कामा नये. टेरी टॉवेल एकदा धुतला की त्याचे लूप फुलतात आणि हाताला लगेच कळतं. सॉफ्टवेअरला ते कळत नाही.

म्हणून डेमोत मी एकच प्रयोग करायला सांगतो: ‘ही ऑर्डर ग्राहकाने परत केली, आता साठा दाखवा.’ काही प्रणाल्या पोर्टलवर ‘रिटर्न’ अशी नोंद दिसताच साठा वाढवतात. पार्सल तेव्हा कुठेतरी वाटेत असतं, आपल्या हाती यायला आठवडा असतो, आणि तोवर तो टॉवेल पुन्हा विकलेला असतो. पार्सल हातात आल्यावर स्कॅन, मग ‘तपासणी’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात, आणि माणसाने पाहिल्यावरच विक्रीयोग्य साठ्यात, अशा क्रमाने जाणारी प्रणाली घ्या. आणखी एक खोच: ग्राहकाने परत पाठवलेल्या पार्सलवरचा नंबर बहुधा नवा असतो, पाठवतानाचा नसतो. जुन्या आणि नव्या, दोन्ही नंबरांनी ऑर्डर सापडली पाहिजे.

हाताने हिशेब ठेवणाऱ्यांकडे यासाठी एक वही आणि एक वेगळं रॅक असतं, आणि खरं सांगायचं तर दिवसाला पाच-सात रिटर्नपर्यंत ती वही कुठल्याही सॉफ्टवेअरइतकीच चोख चालते. स्वतःच्या प्रणालीत हा सगळा क्रम हवा तसा बांधता येतो, तीच तिची जमेची बाजू. तयार सेवांमध्ये मात्र या एका बाबतीत एकीत आणि दुसरीत जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिला.

माझा हा आग्रह फक्त पैशासाठी नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. आमच्याकडे एकदा परत आलेल्या पार्सलमध्ये आमच्या चादरीऐवजी भलत्याच विणीची पातळ चादर निघाली. न तपासता ती रॅकवर गेली असती, तर पुढच्या ग्राहकाला आम्ही आमच्याच हाताने ‘सोलापुरी’ म्हणून ती पाठवली असती. या नावामागे इथल्या मागांवर आयुष्य काढलेल्या माणसांचे श्रम आहेत. ते एका चुकीच्या स्कॅनने घालवायचे नाहीत. पार्सल उघडताना व्हिडिओ काढायची सवय लावा, कारण पोर्टलकडे दावा करायला मुदत थोडी असते.

टॅली आणि पैशाचा मेळ

बहुतेकांकडे टॅली आहेच. जोडणीनंतर टॅलीही साठा मोजते आणि नवी प्रणालीही, आणि महिनाअखेर दोघांचे आकडे जुळत नाहीत. साठा एकीनेच मोजायचा. आम्ही तो जोडणी सेवेकडे दिला आणि टॅलीत फक्त बिलं पाठवतो. गोदामावरची रोख विक्रीही आधी त्याच पडद्यावर नोंदवतो, मग माल बाहेर. ही एक सवय लागली आणि वैशाखातला तो प्रकार पुन्हा झाला नाही.

पोर्टलने कापलेल्या रकमाही जुळवाव्या लागतात. जीएसटीतला टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला आहे आणि आयकरातली टीडीएस कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. प्रणाली या कपाती ऑर्डरनिहाय दाखवत असेल, तर सीएचं काम निम्मं होतं.

पोर्टलच्याच गोदामात माल ठेवायचा पर्यायही आहे. महाराष्ट्रातलं, समजा भिवंडीकडचं, गोदाम असेल तर आहे त्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाची जादा जागा म्हणून ते दाखवता येतं. दुसऱ्या राज्यात ठेवलात तर तिथली वेगळी नोंदणी लागते. भरभर खपणाऱ्या दोन-चार मालांसाठीच हे बरं.

मग घ्यायचं काय?

दोन पोर्टलं आणि मोजका माल असेल तर एक्सेल आणि वाटणी चालू ठेवा, उगाच खर्च करू नका. तीन किंवा जास्त पोर्टलं आणि शेजारी ठोक विक्री असेल तर तयार जोडणी सेवा. माझा कौल याच बाजूला. स्वतःचे माग, रंगाई, शिलाई असं सगळं असेल आणि संगणकाचं जाणकार माणूस पगारावर असेल, तरच ईआरपीनेक्स्ट घ्या. तेव्हाही पोर्टलांची जोडणी स्वतः लिहू नका; त्याला युनिकॉमर्सशी जोडायची सोय तयार आहे, ती वापरा.

सुरुवात कधी करायची, हेही ठरवून करा. दिवाळीच्या आधी तर नाहीच. पौषात लग्नं नसतात, आहेराची खरेदी थंडावते, गोदामात उसंत असते. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की एका रविवारी शटर ओढून सगळा माल नगानग मोजा, सावकाश खपणारे दहा प्रकार निवडा आणि तेवढेच आधी जोडा. त्यांचे पहिले पाच रिटर्न परत येऊन, तपासून, रॅकवर चढेपर्यंत अकरावा प्रकार जोडू नका.