जॅग्वार ई-टाइप की पोर्शे ९११?

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खाताना आमच्या मित्रमंडळींत या दोन जुन्या स्पोर्ट्स कारवरून हा वाद हमखास रंगतो.

ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि लोक बघतच राहिले. तिला आकार दिला माल्कम सेयर यांनी. ते मूळचे विमानांच्या क्षेत्रातले, वक्ररेषा गणिताने काढायचे. बॉनेट म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी. ते अख्खं पुढच्या बाजूला उलगडतं आणि आत दिसतं ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन. काचेवर तर तीन-तीन वायपर! इतकी देखणी गाडी मला दुसरी ठाऊक नाही.

९११ दोन वर्षांनी फ्रँकफर्टला आली, तेव्हा नाव होतं ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ते बदललं. इंजिन २ लिटरचं, मागच्या चाकांच्याही मागे आणि हवेने थंड होणारं. पाण्याचा रेडिएटरच नाही. मे महिन्यात द्वारका चौकात अडकल्यावर याचं मोल कळतं. जुन्या जॅग्वारचा तापमानाचा काटा अशा वेळी भराभर चढतो.

पण कसारा घाटात? वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की सुरुवातीच्या ९११चं मागचं अंग बाहेर फेकलं जातं, कारण वजन सगळं मागे. १९६९च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा ती बरीच सावरली.

रोज चालवायची तर मी डोळे झाकून ९११ घेईन. ई-टाइप मात्र पहाटे, रिकाम्या त्र्यंबक रस्त्यावर.