बोनी एमचा ख्रिसमस अल्बम: कुठली गाणी पुन्हा पुन्हा लावायची आणि कुठली पुढे ढकलायची

डिसेंबर लागला की बांद्र्याच्या हिल रोडवर, पुण्याच्या कॅम्पात, आमच्या वसईच्या बेकऱ्यांत, मॉलमध्ये सगळीकडे बोनी एम या सत्तरच्या दशकातल्या डिस्को ग्रुपची गाणी सुरू होतात. लोक ते इतकं ऐकतात की आता कोणी नीट ऐकतच नाही, म्हणून म्हटलं एकदा या अल्बमबद्दल सविस्तर लिहावं. मी बोलतेय तो त्यांचा 1981 चा 'ख्रिसमस अल्बम'. मी चर्चच्या क्वायरमध्ये अल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची पट्टी, गाते, नाताळची गाणी बसवणं हे आमचं ऑक्टोबरपासूनचं काम, त्यामुळे गाण्यात कोणाचा आवाज खरा लागलाय आणि कुठे नुसता ठेका भरलाय याकडे माझं आपोआप लक्ष जातं. पाचपैकी साडेतीन स्टार देईन. साडेतीन हा सरासरीचा आकडा आहे बरं का, कारण यातली काही गाणी पाचच्याही वरची आहेत आणि काही मला अजिबात सहन होत नाहीत.

सगळ्यात आधी 'मेरीज बॉय चाइल्ड'. नाताळच्या गाण्यांत माझं सगळ्यात लाडकं गाणं हेच, फक्त या अल्बममधलं नाही, एकूणच. हे गाणं लिहिलं जेस्टर हेअरस्टन यांनी, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संगीतकार, आयुष्यभर क्वायर चालवली त्यांनी आणि त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. 1956 मध्ये गायक हॅरी बेलाफॉन्टेनी ते रेकॉर्ड केलं आणि पुढच्या वर्षी ते इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. मग 1978 मध्ये बोनी एमचा जर्मन निर्माता फ्रँक फारियन याने तेच गाणं घेतलं आणि त्याला 'ओ माय लॉर्ड' हा नवा भाग जोडला, तो त्याने आणि फ्रेड जे या गीतकाराने मिळून केला. हे पण त्या ख्रिसमसला इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरावर गेलं आणि नुसत्या इंग्लंडमध्ये त्याच्या 18 लाखांहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे एकच गाणं दोन वेगवेगळ्या गायकांनी वीस वर्षांच्या अंतराने तिथे पहिल्या नंबरावर नेलं!

पण आकडे सोडा, गाणं ऐका. बोनी एमची गायिका लिझ मिचेल हिचा आवाज ऐका. ती जन्मली जमैकात आणि वाढली लंडनमध्ये, आणि तिच्या आवाजात चर्चमध्ये गाणाऱ्या बाईचा तो जो मोकळा, घशातून न येता पोटातून येणारा सूर असतो ना, तो आहे. खाली डिस्कोचा ठेका चाललाय पण ती त्या ठेक्यावर नाचत नाही, ती गोष्ट सांगते, बेथलेहेममध्ये बाळ जन्मलं याची गोष्ट, आणि तुम्हाला वाटतं की हिला ही बातमी खरंच आज कळलीय आणि आपल्याला सांगायला धावत आलीय. 'ओ माय लॉर्ड' सुरू झालं की आवाजांवर आवाज चढत जातात, शेवटाकडे दोन्ही चाली एकमेकांत गुंफतात आणि तिथे मला आजही काटा येतो. आम्ही हे क्वायरमध्ये बसवलं तेव्हा कळलं की ऐकायला सोपं वाटणारं हे गाणं गायला किती अवघड आहे. अल्टोला सारखं सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या बायकांच्या, चालीत ओढलं जायला होतं, आपली ओळ धरून ठेवणं ही परीक्षाच असते.

आणि इथे मला माझ्या सगळ्यात नावडत्या गाण्याबद्दल बोलायचंच आहे, ते या अल्बममध्ये नाही पण त्याच्याशिवाय माझा मुद्दा पूर्ण होत नाही. 1984 चं बँड एडचं, म्हणजे इंग्लंड-आयर्लंडच्या पॉप गायकांनी एकत्र येऊन केलेलं, 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'. इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसे उभे करायला केलेलं गाणं, पैसे उभे राहिले, मदत पोचली, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण गाणं म्हणून, शब्द म्हणून, मला ते फार खटकतं. आफ्रिकेतल्या लोकांना आज ख्रिसमस आहे हे तरी माहीत आहे का, असा प्रश्न विचारतं ते गाणं. अहो, इथिओपियात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे! ते नाताळ 7 जानेवारीला करतात त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे. त्यांना नाताळ माहीत आहे का हे युरोपने विचारायचं म्हणजे काय? त्याच्या शेजारी हेअरस्टन आणि लिझ मिचेल ठेवा. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून नेलं त्यांची लेकरं नाताळ काय असतो ते अख्ख्या जगाला गाऊन सांगतायत, आणि लाखो लोक ते ऐकतायत. म्हणून मला 'मेरीज बॉय चाइल्ड' नुसतं आवडत नाही, मला त्याचा अभिमान वाटतो, आणि आम्ही वसईचे लोक पण पिढ्यानपिढ्या आमच्या मराठीत, आमच्या बोलीत नाताळ गात आलोय तर आम्हाला तो आपलासा वाटणारच की.

'लिटल ड्रमर बॉय' माझ्या यादीत दुसऱ्या नंबरावर. कॅथरिन डेव्हिस नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने 1941 मध्ये लिहिलेलं. गरीब पोरगा, बाळाला द्यायला हातात काही नाही, मग तो आपला ड्रम वाजवतो, तीच त्याची भेट. ही गोष्टच इतकी सुंदर आहे की कोणी गायलं तरी निम्मं काम झालेलं असतं. बोनी एमने याला मार्चसारखा ठेका दिलाय आणि कोरस भरघोस ठेवलाय, त्यामुळे गोठ्यासमोर एकटा उभा असलेला पोरगा थोडा हरवतो, मिरवणूक जास्त दिसते. तरी आवडतं. आमच्याकडे लहान मुलं नाताळच्या कार्यक्रमात यावर नाच बसवतात तेव्हा याच रेकॉर्डवर बसवतात आणि ते शोभतं.

मग येते ती मेडली, म्हणजे एकापुढे एक जोडलेली चार गाणी, आणि या अल्बममधला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा हाच. सुरुवात 'सायलेंट नाइट'ने. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात 24 डिसेंबर 1818 ला पहिल्यांदा गायलं गेलं ते, फादर योझेफ मोर यांचे शब्द आणि फ्रान्झ ग्रुबर यांची चाल, आणि साथीला गिटार. म्हणजे चर्चमध्ये गिटार नको म्हणणाऱ्या काका लोकांना मी दरवर्षी हेच सांगते. त्याच्यापुढे जोडलेली तीन गाणी जर्मनीतल्या घराघरांत म्हटली जाणारी जुनी नाताळगीतं आहेत, बर्फ हळूहळू पडतोय, मेंढपाळांनो या, घंटा गोड वाजतायत अशी, आणि फारियन स्वतः जर्मन असल्यामुळे ती आली असणार. इथे ठेका मागे सरतो, माणसांचे आवाज पुढे येतात. मॉलवाले ही मेडली कधीच लावत नाहीत. घरी लावा, येशूजन्माचा गोठा सजवताना लावा.

'झायन्स डॉटर' पण असंच. ही चाल हँडेल या जुन्या संगीतकाराची आहे, जर्मन लोक ती आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, गातात आणि इंग्रजी मिस्सेत आपण तीच चाल ईस्टरला ऐकतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ईस्टरचं गाणं इथे कसं काय! पण एकदा कान बसला की राजाचं स्वागत चाललंय असं वाटतं आणि ते आगमनकाळाला अगदी बरोबर लागू पडतं.

आता न आवडलेली. 'जिंगल बेल्स'. याच्याशी माझं कधीच जमलं नाही आणि बोनी एमनी ते सुधारायचा काही प्रयत्नही केलेला दिसत नाही. मुळात हे नाताळचं गाणंच नाही. जेम्स पिअरपॉन्टने 1857 मध्ये बॉस्टनला छापलं तेव्हा त्याचं नाव होतं 'वन हॉर्स ओपन स्ले', एका घोड्याची उघडी गाडी, बर्फातून पोरं-पोरी भरधाव चाललीयत, मजा चाललीय, बस. येशू नाही, मारिया नाही, नाताळ हा शब्दसुद्धा नाही. मजेचं गाणं असायला माझी काही हरकत नाही, पण मग मजा तरी यायला पाहिजे. इथे नुसता एकसुरी ठेका, त्यावर सगळ्यांना पाठ असलेली ओळ, परत तीच ओळ, आणि लिझसारखी गायिका हाताशी असताना तिला गायला असं काही दिलेलंच नाही. आणि आपल्याकडे मात्र नाताळ म्हटलं की शाळेपासून टीव्हीपर्यंत हे एकच गाणं! पोरांना वाटतं नाताळ म्हणजे सांता आणि घसरगाडी. याचं मला खरंच वाईट वाटतं.

'व्हाइट ख्रिसमस'वर मी जरा जास्त नाराज आहे कारण मूळ गाणं मला मनापासून आवडतं. अर्व्हिंग बर्लिनचं, 1942 मध्ये बिंग क्रॉस्बीने गायलं. बर्लिन स्वतः ज्यू, लहानपणी रशियातून अमेरिकेत आलेला, आणि त्याचा तान्हा मुलगा 1928 मध्ये नेमका 25 डिसेंबरलाच गेला. हे माहीत असो नसो, त्या चालीत एक हुरहूर आहे, लांब कुठेतरी राहिलेल्या घराची. ज्यांची माणसं नोकरीसाठी गल्फमध्ये, जहाजावर आहेत त्यांना ती हुरहूर बर्फ न बघताही कळते, आमच्या गावात अशी घरं कितीतरी आहेत. बोनी एमच्या रेकॉर्डवर मला ती कुठेच सापडली नाही. छान वाजतं, गुळगुळीत वाजतं, आणि संपतं.

'फेलिझ नाविदाद' आवडत्या आणि नावडत्या गाण्यांच्या मधे कुठेतरी. 1970 चं होसे फेलिसियानोचं गाणं, शब्द अगदी मोजके, अर्धे स्पॅनिश अर्धे इंग्लिश, शुभेच्छा देतो आणि मनापासून देतो एवढाच आशय. पार्टीत लावायला उत्तम, सगळे गातात, आजीसुद्धा टाळ्या वाजवते. पण मूळ गाण्यात गिटारची जी ऊब आहे ती इथे नाही, मला विचाराल तर फेलिसियानोचंच ऐका. 'व्हेन अ चाइल्ड इज बॉर्न' चांगलंय, चाल मुळात इटालियन, 'सोलेआदो' नावाची, पण ते 1976 चं जॉनी मॅथिसचं कानात इतकं बसलंय की दुसरं कोणाचं पुरेसं वाटत नाही. 'पती पापा नोएल' फ्रेंच, गोड, मुलांसाठी ठीक. 'आय'म बॉर्न अगेन' 1979 मध्येच आलेलं होतं, ते नाताळचं गाणं नाही, जागा भरायला घेतल्यासारखं वाटतं, पण लिझ काय गायलीय त्यात, म्हणून माफ.

एकूण बघितलं तर जिथे बाळाच्या जन्माची गोष्ट आहे तिथे हे लोक जीव ओतून गातात आणि जिथे नुसता बर्फ आणि घसरगाडी आहे तिथे फारियनचं मशीन चालतं. आणि हो, कव्हरवर चौघं दिसतात, पण खालच्या पट्टीतला तो पुरुषी आवाज नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचा नाही, तो स्टुडिओत फारियन स्वतः गायचा, बायकांचे आवाज लिझ आणि ग्रुपमधलीच दुसरी गायिका मार्शा बॅरेट यांचे. खूप जणांना हे अजून माहीत नसतं.

घेताना एक काळजी घ्या. ग्रुप फुटल्यावर जवळपास प्रत्येकाने आपापला बोनी एम काढला आणि जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड झाली, त्यामुळे ऑनलाइन शोधलं की एकाच नावाची कितीतरी गाणी समोर येतात. मला एका दुकानातून घेतलेल्या सीडीत अशीच भलतीच रेकॉर्डिंग्ज निघाली, कीबोर्डवर वाजवलेली, आवाज पण वेगळे, आणि बाहेरून कव्हर बघून काहीच कळत नव्हतं. म्हणून निर्माता फ्रँक फारियन आहे का आणि साल 1981 आहे का ते बघूनच घ्या. 1986 चा वीस गाण्यांचा संग्रह पण मिळतो, त्यात पारंपरिक कॅरोल्स जास्त आहेत आणि पार्टीसाठी तो सोयीचा पडतो, पण काही गाण्यांची काटछाट झालीय. 'मेरीज बॉय चाइल्ड' तर लांबवालंच घ्या, पाच मिनिटांच्या वरचं, छोट्यात शेवटचा चढ नीट येत नाही. आणि क्वायरवाल्यांनो, बसवायचं असेल तर अल्टोची ओळ आधी वेगळी पाठ करून घ्या, मगच सोप्रानोबरोबर बसा.