पंखा बदलावा की इंजिन तपासावं? फुल थ्रॉटललाही बोट पळत नसेल तर

थ्रॉटल पुढे टेकवलेला, आवाज भरपूर, पण बोट पूर्वीसारखी पळत नाही. अशा वेळी धक्क्यावर सल्ले दोनच मिळतात. एक म्हणतो पंखा (प्रोपेलर) बदल, दुसरा म्हणतो इंजिन खोल. दोन्ही खर्चाचे आहेत, आणि कुठला तुमच्या कामाचा हे बोट स्वतःच सांगते, फक्त तिला दोन आकडे एकाच वेळी विचारावे लागतात: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आणि जीपीएसवरचा वेग. नुसता वेग पाहून पंखा विकत घेणारे मी बरेच पाहिलेत. त्यांच्यात मीही होतो, पण ते पुढे.

इंजिनाच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलचा आरपीएमचा पट्टा दिलेला असतो. बऱ्याच फोर स्ट्रोक आउटबोर्डना (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनांना) तो ५,००० ते ६,००० असतो. नेहमीचं वजन घेऊन, ट्रिम (इंजिनाचा पुढे-मागे कल) नीट लावून, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध बोट पळवा आणि वेगाची सरासरी काढा. मग दोनच शक्यता उरतात. आरपीएम पट्ट्यात पोचतो पण वेग नाही, किंवा आरपीएमच पोचत नाही. पहिल्या बाबतीत इंजिनाला हात लावायचं कारण नाही. ते आपलं काम करतंय, ताकद पाण्यात वाया जातेय.

ती किती वाया जातेय हे कागदावर काढता येतं. आरपीएमला इंचातल्या पिचने (न घसरता पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) गुणायचं, गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) भागायचं, मग १,२१५ ने भागायचं. पंखा जराही घसरला नाही तर मिळणारा वेग नॉटमध्ये येतो. ५,००० आरपीएम, १७ पिच आणि २ चा रेशो असेल तर ३५ नॉट. जीपीएस ३० दाखवत असेल तर साधारण १४ टक्के स्लिप, म्हणजे तेवढा वेग पंखा पाण्यात घसरल्याने गेला. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के स्लिप चालते. तोच जीपीएस २४ दाखवत असेल तर स्लिप ३० च्या वर गेली. मग पंख्याची पाती वाकलीत का, इंजिन फार वर बसवल्यामुळे पंखा हवा ओढतोय का, की पंख्याच्या मधोमध असलेला, शाफ्टची ताकद पात्यांना देणारा रबरी बुश घसरतोय, हे बघा. बुश ओळखायला पंख्याच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत (पाती जोडलेल्या मधल्या भागापर्यंत) रंगाची एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे इकडेतिकडे झाले असतील तर बुश गेला.

दुसरी शक्यता जास्त छळते. आरपीएमही कमी, वेगही कमी. इथे पंखा आणि इंजिन दोघंही संशयित, कारण पंखा जड झाला, म्हणजे फिरवायला जास्त ताकद लागू लागली, तरी आरपीएम पडतो आणि इंजिनाची ताकद कमी झाली तरी पडतो. टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नवा बसवला असेल तर त्याच्या मागची पोल सेटिंग, म्हणजे तो तुमच्या इंजिनाला जुळवण्याचं बटण, आधी पाहा. ती चुकीची असेल तर तुम्ही नसलेला आजार शोधत बसाल.

इथे मी एकच प्रश्न विचारतो: बिघाड आला कसा? बोट नवी असल्यापासून कधी पोचलीच नाही, किंवा मोठी टाकी, छत, जादा बॅटरी चढवल्यावर मंदावली, तर पंख्याचा पिच जास्त आहे. पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने चढतो, त्यामुळे किती खाली यायचं याचा हिशोब सोपा. हळूहळू मंदावली असेल तर आधी तळ बघा. तळाला धरलेलं शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) पंख्याचा दोष नसताना पंखा जड करतात. बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी आत साठणारं) पाणीही विसरू नका, ८० लिटर साठलं म्हणजे न दिसणारा एक माणूस बोटीत बसलाय. आणि काल पळत होती, आज नाही, असं असेल तर पंख्याचं दुकान विसरा. पंखा कुठे आपटला नसेल तर तो एका रात्रीत जड होत नाही.

इंजिनाच्या बाजूने आधी फुकटातल्या गोष्टी. इंजिन बंद ठेवा, काउल (इंजिनाचं वरचं झाकण) काढा, कोणाला तरी लीव्हर पूर्ण पुढे न्यायला सांगा आणि स्वतः थ्रॉटलची झडप बघा. ती शेवटच्या अडणीला टेकते का? केबल ताणली किंवा अडकली की चालवणाऱ्याच्या हाताला फुल असतं, इंजिनाला पाऊण.

मग पेट्रोलचा रस्ता. त्याची खूण मला सगळ्यात आवडते: बोट सुटताना आरपीएम बरोबर चढतो, काही सेकंद टिकतो आणि मग खाली येतो. आत साठलेलं पेट्रोल संपलं आणि मागून तेवढं येत नाही. त्या क्षणी लाइनवरचा रबरी फुगा हाताने दाबा. आरपीएम वर आला तर इंधनच कमी पडतंय. फुगा चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे आहे: टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याचं छिद्र), अँटी सायफन व्हॉल्व्ह (टाकीतून पेट्रोल आपोआप बाहेर वाहू न देणारी झडप) किंवा टाकीतली नळी. वेगळी छोटी टाकी, ताजं पेट्रोल, नवी नळी जोडून पळवा. पळाली तर इंजिन निर्दोष सुटलं. बीप वाजून आरपीएम पडत असेल तर गोष्ट वेगळी, इंजिन तापतंय किंवा तेलाचा दाब कमी आहे म्हणून स्वतःला आवरतंय. तिथे थांबायचंच.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, शेवटी मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल उघडा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांपलीकडे गेला तर मेकॅनिक गाठा.

डिझेलवाल्यांना निवड जरा सोपी आहे, कारण धूर बोलतो. आरपीएम कमी आणि धूर काळा, तर पंखा जड, तळ घाण किंवा इंजिनाला हवा कमी. आरपीएम कमी आणि धूर स्वच्छ, तर बहुतेक वेळा फिल्टर तुंबलाय किंवा डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलीय. काळ्या धुरात फुल थ्रॉटल रेटत राहू नका.

आता माझी गोष्ट. माझ्या जुन्या टू स्ट्रोकचा पट्टा ५,००० ते ५,५००. १९ पिचवर ती ५,४०० ला जायची, मग एके दिवशी ४,७०० च्या पुढे जाईना. मी १७ चा पंखा आणला. आरपीएम ५,०५० वर आला, मी खूश. वेग मात्र आधीच्यापेक्षाही नॉटभर घटला, आणि तिकडे मी लक्षच दिलं नाही. महिन्याभराने कळलं, केबल अडकत होती. ती बदलली आणि त्याच १७ वर इंजिन ५,८०० ला ओरडायला लागलं. पंखा बदलून मी आकडा दुरुस्त केला होता, इंजिन नाही. इंजिन तपासण्याआधी पंखा घेण्यातला धोका हाच. उलट इंजिन आधी तपासलं आणि दोष पंख्याचा निघाला, तर वाया जाते ती एक दुपार.

१९ चा पंखा परत चढवला. १७ चा अजून आहे, सहा माणसं आणि भरलेल्या टाक्या असल्या की तो लावतो, आणि त्या दिवशी इंजिन बरोबर ५,४०० ला बसतं.