२ तास ४ मिनिटं १६ सेकंदांवर थांबणाऱ्या मुलाखती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी एका ट्रान्सक्रिप्शन सॉफ्टवेअरवर रोज चार-पाच तास काम करते आहे. गिरणी कामगारांच्या मुलाखती ऐकून शब्दशः टाइप करायच्या, हे माझं काम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तिशीत असलेली ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. पहिला तास गाव, खोली, बदली कामगार म्हणून लागणं यातच जातो. संप आणि त्यानंतर घर कसं चाललं, हे माणूस मोकळा झाल्यावर, अगदी शेवटी सांगतो.

सॉफ्टवेअर हाताला चांगलं बसतं. फूट पेडल पहिल्याच दिवशी चाललं. पेडल सोडून पुन्हा दाबलं की आवाज दोन सेकंद मागे जाऊन सुरू होतो. वेग कमी केला तरी बोलणं घोगरं होत नाही, इन्स्क्रिप्ट या कीबोर्डने टाइप करताना जोडाक्षरं तुटत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात एका आजोबांची मुलाखत वाक्याच्या मध्येच संपली. "मग बायको म्हणाली," आणि पुढे काहीच नाही. रेकॉर्डरची बॅटरी गेली असावी असं समजून मी तशी टीप लिहिली आणि मजकूर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी मुलाखत घेणाऱ्या ताईंचा फोन आला. "अगं, ते त्यानंतर पाऊण तास बोलत होते. मी समोर बसले होते." तीच फाइल व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडली, तर लांबी २ तास ५१ मिनिटं.

फाइल अपुरी उघडताना सॉफ्टवेअरने एका शब्दाने सांगितलं नाही, याचा मला आजही राग आहे. मी आधीच्या सगळ्या फाइली तपासल्या. आणखी दोन अशाच निघाल्या, आणि लांबी वेगवेगळी असूनही तिन्ही थांबत होत्या २ तास ४ मिनिटं १६ सेकंदांवर. तिथे उलगडा झाला. आमचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ (दोन चॅनेल) वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल) असतं, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. २ जीबी म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइट. भागाकार केला की ७४५६ सेकंद येतात, तीच ही वेळ. वेव्ह फाइल स्वतः ४ जीबीपर्यंत जाऊ शकते. पण प्रोग्रॅमने ३२ बिटांच्या आकड्यात ऋण संख्यांनाही जागा ठेवली की त्याची मोजणी २ जीबीलाच संपते. फाइल धडधाकट होती, वाचणारा अर्ध्यात थांबत होता.

मदत केंद्राचं उत्तर चौथ्या दिवशी आलं : लहान फाइल वापरा. कशी करायची ते मीच शोधलं. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत ऑडासिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, मोनो (एकच चॅनेल) करायची आणि १६ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करायची. पावणेतीन जीबीची फाइल एक जीबीच्या आत येते. टाइप करण्यासाठी एवढा दर्जा भरपूर आहे. मात्र दोघांचे माइक वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर मोनो करू नका. दोघं एकदम बोलतात तिथे एक चॅनेल बंद करून ऐकण्याची सोय जाते. अशा वेळी मी तुकडे करते, पुढचा तुकडा दहा सेकंद आधीपासून घेते आणि त्याची सुरुवातीची वेळ फाइलच्या नावातच लिहिते. नाहीतर वेळेच्या नोंदी चुकतात.

एमपी३ चं दुखणं वेगळं. कोणीतरी दोन तुकडे कमांडने नुसते एकामागे एक चिकटवून पाठवले होते. लांबी दिसत होती पहिल्या तुकड्याचीच. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ मध्ये एकूण फ्रेम (आवाजाचे छोटे तुकडे) किती हे सुरुवातीलाच नोंदलेलं असतं, आणि ती नोंद पहिल्याच तुकड्याची राहिली होती. दोन्ही तुकडे ऑडासिटीत जोडून नव्याने एक्स्पोर्ट केले, प्रश्न मिटला.

आता फाइल आली की आधी व्हीएलसीत लांबी पाहते, ती वहीत लिहिते, सॉफ्टवेअरमधली लांबी तिच्याशी ताडते आणि शेवटचा एक मिनिट ऐकते. मगच टायपिंग. दीड-दोन तासांपर्यंतच्या मुलाखती असतील तर हे सॉफ्टवेअर मी आनंदाने सुचवेन. त्याहून लांब असतील तर ही तपासणी केल्याशिवाय एक ओळही टाइप करू नका.

आजोबांची उरलेली सत्तेचाळीस मिनिटं मी त्याच आठवड्यात टाइप करून पाठवली. बायकोने तेव्हा काय म्हटलं, ते आता कागदावर आहे. गेल्या महिन्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तेव्हा पहिल्यांदा त्यांचीच मूळ फाइल उघडून पाहिली. २ तास ४ मिनिटं १६ सेकंद.