चौथा मजला, बंद लिफ्ट आणि शासकीय मेडिकल कॉलेज : पाच वर्षांनंतरचा अनुभव

मंगळवारी रात्री लिफ्ट पुन्हा बंद पडली. या पावसाळ्यातली ही चौथी वेळ. दारात नेहमीची लाकडी खुर्ची आडवी लागली आणि चौथ्या मजल्यावरच्या मेडिसिन वॉर्डातून सेंट्रल लॅबचा रस्ता पुन्हा १०४ पायऱ्यांचा झाला. लॅब शेजारच्या जुन्या इमारतीत आहे, मधलं अंगण उघडं आहे, आणि रात्रपाळीला दोन वॉर्डांत मिळून एकच मामा (वॉर्डबॉय) असतात. ते त्या वेळी एका पेशंटला सीटी स्कॅनला घेऊन गेले होते. म्हणून रक्ताचे बल्ब, म्हणजे नमुन्याच्या छोट्या नळ्या, घेऊन मीच पळालो.

चाळीस मिनिटांनी लॅबमधून फोन आला, सॅम्पल हीमोलाइज झालंय, परत पाठवा. रक्त जोरात हललं की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये आकडा खोटाच चढलेला दिसतो. ज्या आजींचं ते रक्त होतं त्यांच्या किडन्या निकामी होत आलेल्या. त्यांच्या बाबतीत पोटॅशियमच्या आकड्यावरच सगळं अडलेलं होतं. पहिल्या वेळी त्यांची शीर सापडायला मला दहा मिनिटं लागली होती. परत सुई घेऊन गेलो तर त्या म्हणाल्या, "लेकरा, आत्ताच तर घेतलंस की रगत." मला उत्तर देता आलं नाही.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. मावसबहिणीला नीटमध्ये चांगले मार्क पडलेत, सीईटी सेलच्या राउंडसाठी कॉलेजांचा क्रम भरायचाय. "तू तिथं पाच वर्षं काढलीस. खरं सांग बाळा, पोरीला सरकारी कॉलेजात घालू का खासगी?" मी तेव्हा इतका चिडलेलो होतो की फोनवर काही सांगणं बरोबर झालं नसतं. म्हणून लिहून काढतोय.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचं जुनं शासकीय महाविद्यालय आहे, एवढं पुरे. माझी बॅच २०२०ची, सध्या इंटर्नशिप चालू. कोटा, राउंड, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा हे सगळं वाचणाऱ्यांना ठाऊक असतं, त्यात शिरत नाही.

आधी पैशांचं. वडील एसटीत कंडक्टर. रोज ड्यूटी संपली की रोकड आणि तिकिटांचा मेळ बसेपर्यंत ते जेवत नाहीत, आणि ती सवय माझ्यातही आली आहे. पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवली. फी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास पडली, त्यातली निम्मी ट्यूशन फी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून सुटली. हॉस्टेल वर्षाला सहा हजार. मेस महिन्याला तीन हजार, शेवटी शेवटी साडेतीन. पुस्तकं जुनी घेतली, सीनियरकडून, आणि पास झाल्यावर ज्युनिअरला विकली. स्टेथोस्कोप मात्र नवा घेतला. साडेचार वर्षांचं सगळं मिळून सहा लाखांच्या थोडं वर गेलं. माझा बारावीचा मित्र खासगी कॉलेजात आहे, त्याची एका वर्षाचीच फी नऊ लाखांवर. त्याच्या वडिलांनी शेत विकलं. ते शेत मी पाहिलेलं आहे, बांधावर आंब्याची तीन झाडं होती. त्यामुळे फीचा विषय निघाला की मला आकड्याआधी ती झाडं आठवतात.

मावशीच्या घरी मात्र हे गणित बदललंय. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या खासगी कॉलेजातल्या सीटलाही आहे. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. म्हणजे माझ्या वेळी 'सरकारी स्वस्त, खासगी महाग' एवढ्यावर निर्णय व्हायचा, तो तिच्यासाठी तेवढ्यावर होणार नाही. खासगीत डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, अनामत रक्कम हे उरतंच, तेवढं मावशीने कागदावर लिहून घ्यावं.

आता बल्ब. मला माहीत आहे की कॉलेज निवडताना कुणी सॅम्पल नेणाऱ्या माणसाचा विचार करत नाही. मी करायला सांगतो.

मेडिसिनच्या सहा आठवड्यांत मी ३१२ फेऱ्या मारल्या. वहीत रेघा आहेत. लिफ्ट चालू असेल तर जाऊन-येऊन अकरा मिनिटं, बंद असेल तर सोळा. लिफ्ट निम्मे दिवस बंद होती. मिळून सत्तर तास झाले. त्या सत्तर तासांत मला जेआरच्या (ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरच्या) शेजारी बसून ईसीजी वाचता आले असते. धमनीतल्या रक्ताचा एबीजी (रक्तातला ऑक्सिजन आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीचा नमुना) बर्फावर ठेवून अर्ध्या तासात मशीनला लावावा लागतो, आणि लॅबच्या खिडकीवर रांग असली की तो अर्धा तास तिथंच सरतो. मग डॉक्टर ज्या आकड्यावर ऑक्सिजन ठरवणार तो आकडाच भरवशाचा राहत नाही. आमच्या वॉर्डातले एक मामा मार्चमध्ये निवृत्त झाले, त्यांची जागा अजून रिकामी आहे. ते काम कुणाला तरी करावंच लागतं, आणि महिन्याला १८,००० रुपये विद्यावेतन घेणारा इंटर्न समोर उभाच असतो. (२०२४ च्या आधी ते ११,००० होतं.)

मी अर्ज दिला. आवक-जावकला शिक्का मारून घेतला, झेरॉक्स जपून ठेवली. तीन आठवड्यांनी कळलं की लिफ्टची देखभाल दुसऱ्या खात्याकडे आहे आणि पत्र तिकडे पाठवलंय. त्या खात्यात गेलो तर म्हणाले, पत्र मिळालं नाही. मग स्वतःच्या पैशाने एक डबा केला. १६० रुपयांचा आयताकृती जेवणाचा डबा, आत जाड स्पंज, त्याला बल्बच्या मापाची भोकं, एका कडेला आइस पॅकची जागा. बल्ब उभे राहतात, एकमेकांवर आपटत नाहीत. त्या मंगळवारी मी डबा हॉस्टेलवर विसरलो होतो आणि बल्ब अ‍ॅप्रनच्या खिशात घालून पळालो. ती चूक माझी आहे. पण एका डब्यावर एवढं अवलंबून असू नये.

मुलींसाठी हे आणखी अवघड आहे. रात्री दोन वाजता ते अंगण ओलांडायला माझ्या बॅचच्या मुली दोघी मिळून जातात, म्हणजे एका बल्बमागे दोन इंटर्न वॉर्डाबाहेर. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जे घडलं त्यानंतर आमच्याकडे कॅमेरे लागले, ड्यूटी रूमला आतून कडी आली. अंगणातला दिवा मात्र एकच आहे.

इथवर लिहिलं तेव्हा मावशीला 'खासगी बघ' असं सांगायचं मनात जवळजवळ ठरलं होतं. मग कम्युनिटी मेडिसिनच्या बारा आठवड्यांसाठी मला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आणि लिहायचं राहून गेलं. आता महिन्याने पुढे लिहितोय. वरचं खोडलेलं नाही, पण मत आता तसंच राहिलेलं नाही.

इथं आल्यावर आठव्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता, सोयाबीनमध्ये खुरपणाऱ्या एका बाईंना मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. पायाला काहीतरी डसलं होतं, साप कुणी पाहिला नव्हता. घोटा सुजत होता. मेडिकल ऑफिसर मॅडम लेबर रूममध्ये अडकलेल्या. लॅब बंद झालेली. अशा वेळी एक साधी तपासणी असते. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदा तिरकं करून बघायचं. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं यांचं विष रक्तात भिनलंय. ट्यूब काचेचीच लागते, प्लॅस्टिकमध्ये ही तपासणी खात्रीची नाही. रुग्णालयातल्या ट्रेमध्ये सगळे बल्ब प्लॅस्टिकचे होते. माझ्या डब्यात काचेच्या दोन होत्या, पावसाळा लागल्यापासून मी त्या ठेवतोच.

वीस मिनिटांनी ट्यूब कलली आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. मी लेबर रूमच्या दारातून मॅडमना सांगितलं. त्यांनी तिथूनच ऑर्डर दिली, सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या दहा व्हायल (बाटल्या) सलाईनमधून, अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी. सिस्टर आणि मी व्हायल फोडत होतो तेव्हा माझे हात थरथरले नाहीत. बाईंना १०८ ने जिल्ह्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करून विचारलं, लघवी व्यवस्थित होत होती. घोणस किडन्या बंद पाडते, म्हणून आधी तेच विचारतात.

हे मला माहीत होतं कारण आमच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) मी दोन पावसाळ्यांत ४३ सर्पदंश पाहिले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही. मण्यार चावलेला मुलगा, ज्याच्या पापण्या पहाटे हळूहळू मिटत गेल्या आणि जेआरने श्वासाची नळी घालेपर्यंत मी अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत उभा होतो, तो माझ्या हातांना आठवतो. बाईंना पाठवलं त्या रात्री खासगी कॉलेजातल्या त्या मित्राला फोन केला. तो माझ्यापेक्षा हुशार, फायनलला त्याचे मार्क जास्त. त्याच्या हॉस्पिटलची लिफ्ट कधी बंद पडत नाही. त्याने इंटर्नशिपमध्ये दोन सर्पदंश पाहिले, तेही रेसिडेंटच्या मागे उभं राहून. तो म्हणाला, "आमच्याकडचा पेशंट बिल भरतो, त्याला इंटर्नची सुई चालत नाही." सगळी खासगी आणि ट्रस्टची कॉलेजं अशी नाहीत, सेवाग्रामचं १९६९ पासून खेड्यापाड्यातल्या पेशंटवरच उभं आहे. पण त्याच्या कॉलेजात तसं आहे.

मग फेऱ्यांबद्दलचं मत बदललं का? नाही. काही सीनियर म्हणतात की अशा धावपळीतूनच डॉक्टर तयार होतो. मला ते अजिबात मान्य नाही. पेशंटच्या शेजारी घालवलेल्या तासांनी मला शिकवलं, जिन्यावर गेलेल्या सत्तर तासांनी काहीही नाही, आणि आजींना सुई दोनदा बसली. दोन गोष्टी एकाच इमारतीत मिळतात म्हणून एकीचं श्रेय दुसरीला देऊ नये. बदललं ते एवढंच, की पाच वर्षं मी सरकारी कॉलेजची जमेची बाजू म्हणून फी मोजत होतो. ती फी उद्या दुप्पट असती तरी कॅज्युअल्टीतले ते दोन पावसाळे मी सोडले नसते.

शिकवण्याबद्दल थोडंच लिहितो. पहिलं वर्ष करोनात, सुरुवात ऑनलाइन. देहदान जवळपास थांबलेलं, त्यामुळे डिसेक्शनला एका टेबलाभोवती पंचवीस जण आणि मागच्यांना काहीच दिसायचं नाही. अ‍ॅनाटॉमीचे आमचे सगळ्यात चांगले सर वर्षाच्या मध्यात नव्या कॉलेजला प्रतिनियुक्तीवर गेले. पॅथॉलॉजी आणि मेडिसिन विभाग उत्तम. मेडिसिनच्या मॅडम राउंडला प्रत्येक पेशंटच्या पोटाला हात लावून मगच बोलायच्या, ते बघून बघून आम्हालाही ती सवय लागली. हॉस्टेलमध्ये उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड. मेसची डाळ पातळ. ते सहन होतं.

बाँडची भीती मावशीला कुणीतरी घातलीय. शासकीय कॉलेजमधून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, तो हा बाँड. त्या वर्षात मेडिकल ऑफिसरचा पगार मिळतो. मी करणार आहे, आणि शक्यतो इथंच मागणार आहे.

नव्या कॉलेजांचं मात्र तिने नीट बघावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सुरू झाली: जालना, वाशिम, बुलढाणा, हिंगोली, भंडारा, गडचिरोली, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबईत एक. मार्क कमी असतील तर ती सोडू नयेत, जिल्हा रुग्णालयातले पेशंट तिथंही असतातच. पण फॉर्म भरायच्या आधी एक दिवस जाऊन यावं. इमारतीचे फोटो काढू नयेत. सोमवारी सकाळी दहाला ओपीडीची रांग कुठवर येते ते बघावं. रात्री कॅज्युअल्टीच्या बाकावर एक तास बसावं. लॅब कुठल्या इमारतीत आहे, रात्री सॅम्पल कोण नेतं, लिफ्टसमोर खुर्ची आहे का, हे तिथल्या वॉर्डातल्या मावशींना (आयांना) विचारावं, त्या खरं सांगतात.

मावसबहिणीच्या यादीत पहिलं नाव आमच्या कॉलेजचं टाकायला सांगितलं आहे. काल एका दिवसासाठी जिल्ह्याला गेलो होतो. लिफ्ट चालू होती. आजी डायलिसिसवर आहेत, त्यांच्या लेकीने ओळखलं. माझी इंटर्नशिप संपल्यावर डबा कुठे जाईल याचा विचार करून तो मेडिसिन वॉर्डात सिस्टरांच्या टेबलाखाली ठेवून आलो. स्पंज नवा घातला, काचेच्या चार ट्यूब कोपऱ्यात गुंडाळून ठेवल्या, आणि झाकणावर मार्करने लिहिलं: रात्री यातूनच न्या, धुऊन परत ठेवा.