घरी आजी असताना पाळणाघर: कर्वेनगरातला दहा महिन्यांचा अनुभव

"घरी आजी आहे, मग पाळणाघर कशाला?" नातीच्या प्रवेशाच्या दिवशी पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी मला तोंडावर विचारलं. शेजारच्या खुर्चीत आमचे हे बसले होते. वय ६८, रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जाऊन येतात, गुडघे माझ्यापेक्षा शाबूत. 'घरी आजोबा आहेत ना?' असं मात्र त्यांना कोणी विचारलं नाही. मी ३३ वर्षं बँकेत काउंटरवर काढली आहेत, आता गाणं शिकतेय, एवढं सांगून फॉर्म मागितला.

जागा चांगली आहे. बंगल्याचा तळमजला, पुढे अंगण, आंब्याचं झाड. सकाळी ८.३० ते संध्याकाळी ७. जेवण घरच्यासारखं: वरण-भात, मऊ खिचडी, चारला नाचणीचं सत्त्व किंवा केळं. आमची नात घरी दुधीकडे ढुंकून बघत नाही, तिथे खाते. मुलं पंधरा-सोळा, बघायला तीन ताई. न्यायला उशीर झाला तर दर पाव तासाला १०० रुपये, ही पाटी मुलांच्या चित्रांपेक्षा मोठी आहे. पुणं म्हटल्यावर तक्रार नाही.

तक्रार फॉर्मबद्दल आहे. 'तातडीच्या संपर्कासाठी: आईचा मोबाइल' असं छापलेलं. वडिलांच्या रकान्यात फक्त नाव आणि हुद्दा. व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा 'आई ग्रुप'. जुलैत नातीला ताप आला. फोन गेला सुनेला, ती हिंजवडीत, मीटिंगमध्ये. तिने मला केला, मी क्लासमध्ये, मी मुलाला केला. तो त्या दिवशी घरूनच काम करत होता, पाळणाघरापासून चालत सात मिनिटांवर! तापाची बातमी हिंजवडीला जाऊन आमच्याच गल्लीत परत यायला पाऊण तास लागला. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली याच हिंगण्याच्या, म्हणजे आताच्या कर्वेनगरच्या, माळावर विधवांच्या आश्रमासाठी झोपडी बांधली. आणि इथे छापलेल्या फॉर्मवर बापाला फोन नंबर मिळेना.

दोष एकट्या काकूंचा नाही. सुनेच्या कंपनीत पाळणाघर आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असले की सोय करावीच लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. पण त्यासाठी पोरीला रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून न्यायचं कोणी? त्याच कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. माझ्या वेळी बाराच होते, पोर कुशीतून काढून कामावर गेले ते अजून आठवतं. पण खासगी नोकरीतल्या बापाला आजही कायद्याने एक दिवस नाही. आमच्या मुलाला पाच दिवस मिळाले, तेही साहेबांच्या मेहेरबानीने.

घरीही वेगळं काय आहे म्हणा. सरकारची २०२४ ची वेळवापर पाहणी पेपरात आली होती. आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. तेसुद्धा जे पुरुष करतात त्यांचे. मी मोठ्याने वाचून दाखवलं. हे लगेच म्हणाले, "भाजी आणतो ते धरलंय का?" धरलंय.

दुसरी तक्रार खेळाच्या कोपऱ्याची. भातुकलीची टोपली मुलींकडे, गाड्यांची मुलांकडे. नातीला डंपर हवा होता, ताईंनी पोळपाट दिला. मी काकूंशी बोलले. त्या रागावल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी दोन्ही टोपल्या एकत्र ओतल्या. आता एक मुलगा रोज डंपरमध्ये खोटी खिचडी वाहतो. काकू मग सहज म्हणाल्या, मुलीच्या वेळी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून शाळेतली नोकरी सोडली आणि घरातच चार पोरं सांभाळायला घेतली, त्यातून हे उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तिघींपैकी एक ताई आमच्या नातीला झोपवताना पाठीवर हलका हात फिरवत राहते, इतकं छान कोणाला जमत नाही. तिचा स्वतःचा धाकटा दोन वर्षांचा. त्याला कोण बघतं विचारलं, तर म्हणाली, "सकाळी शेजारच्या आजी. त्या गावाला गेल्या की मोठी घरी राहते." मोठी सातवीत आहे. गेल्या महिन्यात नऊ दिवस शाळा बुडाली तिची. आम्ही महिना ८,५०० भरतो. पगार विचारला नाही, पण ताईला इथे जागा परवडणारी नाही एवढं कळलं. काकूंना मी सुचवलं की त्याला इथेच येऊ दे, एक जास्त पोर जड नाही. "बाकीचे पालक काय म्हणतील?" म्हणाल्या. मी ग्रुपवर विचारलं. सात जणींनी होकार दिला, दोघींनी नुसता 👍 टाकला, बाकीच्या गप्प. काकू दिवाळीनंतर बघू म्हणाल्या आहेत.

पाचपैकी साडेतीन तारे. फॉर्म आता नवा छापलाय, त्यावर 'पालक १' आणि 'पालक २' आहे. बुधवारी नातीला आणायला हे जातात. पहिल्या बुधवारी ताईंनी सुनेला फोन करून विचारल्याशिवाय पोर हाती दिली नाही, त्यामुळे दोन दिवस घरात फुरंगटून होते. गाडी लावायला जागा नाही, चालत जा.