चिकूचा पिंजरा, आठ महिने वापरल्यावर

चिकू आमचा कोकाटील, मूळ ऑस्ट्रेलियातला, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. (आपला हिरवा पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.) पुण्यातल्या एका दुकानातून अडीच फूट उंचीचा पिंजरा आणला. गजांमधलं अंतर अर्धा इंच, त्यामुळे डोकं अडकायची भीती नाही. खालचा ट्रे पुढून ओढता येतो आणि रोजची सफाई दोन मिनिटांत होते. त्यासाठी दुकानदाराला मनापासून धन्यवाद.

पण सोबतच्या प्लास्टिकच्या दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत. महिनाभरात चिकूचे तळवे लाल झाले. तुरा डोक्याला चपटा चिकटवून तो फिसकारायचा, बोट पुढे केलं की चावायचा. मला वाटलं रुसलाय. डॉक्टरांनी पाय दाखवले तेव्हा पोटात कालवलं. बिचारा दुखतंय म्हणून सांगत होता! आता अंगणातल्या पेरूच्या फांद्या घासूनपुसून लावल्यात, कुठे जाड कुठे बारीक. साल सोलण्यात त्याची अख्खी दुपार जाते.

पिंजऱ्याबरोबर कापडी आच्छादन मिळतं, तेही चांगलं आहे. मात्र पूर्ण अंधारात चिकू दचकून फडफडतो, म्हणून एक बाजू उघडी ठेवून झिरोचा दिवा लावते. साडेसातला झाकलं की सकाळी सातला तुरा अर्धवट उभा, शीळ सुरू.

पिंजरा जरूर घ्या. दांड्या पहिल्याच दिवशी बदला.